लाल कॅलिपर आणि उकळलेलं ब्रेक ऑइल

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. माझ्या गाडीवर मी पहिला जो ब्रेक अपग्रेड केला तो लाल होता. म्हणजे खरंच लाल, रंग. कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तारेच्या ब्रशने घासले, उष्णता सोसणारा पेंट आणून दोन हात मारले, आणि जोडीला भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्क घेतल्या, का तर अलॉयच्या फटीतून भारी दिसतात. पुढचे दोन आठवडे गाडी पार्क केली की चार पावलं जाऊन मागे वळून बघायचो. मग पहिल्या ट्रॅक डेला (आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर घालायचा दिवस) गेलो आणि चौथ्या लॅपला सरळ रस्ता संपताना ब्रेक दाबला तर पेडल लोण्यात पाय घालावा तसं खाली गेलं आणि तळाला टेकलं.

घाबरून दोनतीनदा पंप केलं तेव्हा कुठे थोडे लागले, तोवर वळण निघून गेलं होतं आणि मी बाहेरच्या खडीत. गाडीला काही झालं नाही, मला काही झालं नाही, फक्त चाकांच्या कडांमधून खडी निघायला पुढचा आठवडा लागला. पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे) आल्यावर तिथल्या एका जुन्या जाणत्या माणसाने डिस्ककडे बघितलंसुद्धा नाही. एकच विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंयस?" मी म्हटलं, गाडी घेतली तेव्हाचंच असेल. तो हसला नाही, हेच त्यातल्या त्यात बरं.

तर ही पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. एकच गाडी रोज ऑफिसला न्यायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी ट्रॅकवर पण घालायची, अशा माणसाने ब्रेकवर काय काय करावं, कुठल्या क्रमाने करावं, आणि काय अजिबात करू नये. मी सगळं उलट्या क्रमाने केलंय त्यामुळे मला नीट माहितीये.

ब्रेक गाडी थांबवतात असं आपण म्हणतो, पण ब्रेकचं खरं काम वेगाची उष्णता करणं आणि ती उष्णता हवेत फेकणं. जरा हिशेब करून बघू, मला हा हिशेब आधी कोणी दाखवला असता तर लाल रंगाचे तरी वाचले असते. १२०० किलोची गाडी १६० च्या वेगावरून ६० वर आणायची, तर साधारण १० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तीन लिटर गार पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच लागते, आणि इथे हे काम तीन-साडेतीन सेकंदात उरकायचं असतं. त्यातली ७० टक्के पुढच्या ब्रेकवर पडते असं धरलं आणि पुढची एकेक डिस्क ७ किलोची धरली, तर एका ब्रेकिंगला डिस्कचं तापमान १०० ते ११० अंशांनी चढतं. एका वळणाला! मग पुढचा सरळ रस्ता छोटा असेल तर ती थंड व्हायच्या आत दुसरं वळण, परत १००. शहरात ६० वरून सिग्नलला थांबता तेव्हा याच्या सहावा हिस्सा उष्णता तयार होते आणि मग सिग्नलवर निवांत उभे राहता. म्हणून जे ब्रेक रस्त्यावर वर्षानुवर्षं गुणी बाळासारखे वागतात ते ट्रॅकवर दहा मिनिटांत रडायला लागतात, आणि त्यात कंपनीने खराब ब्रेक दिले असं काही नसतं.

आता ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनच्या मागे बसलेल्या फ्लुइडमध्ये जाते. आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो पण ते तेल नाहीच, डॉट ३, ४ आणि ५.१ (हे त्याचे डब्यावर छापलेले दर्जे) हे ग्लायकॉल जातीचे असतात आणि त्यांना पाण्याचं भयंकर प्रेम. हवेतला दमटपणा रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून गुपचूप ओढत राहतात. नवीन डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही असा नियम आहे, पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच हद्द १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. माझं पाणी प्यायलेलं ऑइल कॅलिपरमध्ये उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, आणि बुडबुडा दाबला की दबतो, द्रव दबत नाही, तेवढाच सगळा खेळ. माझा पाय ब्रेक दाबत नव्हताच, वाफ दाबत होता. वर गंमत म्हणजे अर्ध्या तासाने सगळं थंड झाल्यावर पेडल बऱ्यापैकी परत आलं, म्हणजे घरी जाताना वाटावं की झालं काहीच नव्हतं.

डॉट ५ हे वेगळं प्रकरण, ते सिलिकॉनचं असतं, नाव ५.१ सारखं दिसतं म्हणून गोंधळ होतो. ग्लायकॉलवाल्यात ते मिसळायचं नाही, एवढं लक्षात ठेवा आणि विसरा.

घरी आल्यावर ऑइल बदलून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बसलो. बाबांना ड्रायव्हर सीटवर बसवलं, मी चाकाशी, कॅलिपरवरच्या निपलला (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावलेली, नळीचं दुसरं टोक बाटलीत. "बाबा, दाबा. धरून ठेवा." मी निपल पाव फेरा सैल करतो, नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल येतं, आणि त्यात एकामागोमाग एक बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीसारखे. वरून आवाज, "सोडू का रे?" "नाही नाही, अजून नका सोडू!" कारण निपल उघडं असताना पाय उचलला तर हवा परत आत, मग सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या चाकाला बाबांना लय सापडली आणि ते स्वतःच "धरलाय" म्हणून सांगायला लागले. चारही चाकांतून रंग बदलून स्वच्छ पिवळसर यायला लागलं तेव्हा थांबलो. टाकीतली पातळी मात्र सतत बघायची, ती रिकामी झाली की मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग) हवा जाते आणि एबीएसवाल्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर लावायची वेळ येते. आणि हे पेंटवर सांडलं तर पेंट उचलून येतो. (लाल कॅलिपरचा एक कोपरा असाच गेला. देव न्याय करतो.)

म्हणून पहिला अपग्रेड ऑइल. ट्रॅकसाठी चांगलं रेसिंग ऑइल ज्याचा कोरडा (म्हणजे पाणी न मुरलेल्या ऑइलचा) उत्कलनबिंदू ३०० च्या वर आहे असं मिळतं, पण डब्यावरचा तो मोठा आकडा बघून खूश होऊ नका, ओल्या अवस्थेचा आकडा बघा, कारण आपली गाडी पावसात पण फिरते. रस्त्यावर दोन वर्षांनी बदलायचं असतं ते ट्रॅकवाल्याने वर्षातून एकदा तरी, आणि जोरात चालवत असाल तर अजून लवकर. अर्धा वापरलेला डबा सहा महिन्यांनी "आहेच की" म्हणून वापरू नका, तो डबा पण तोवर पाणी पिऊन बसलेला असतो.

यानंतर पॅड. इथे मी दुसरी चूक केली आणि ही जास्त धोक्याची होती. ऑइलचा धडा शिकलो म्हणून जोशात थेट रेस पॅड घेतले. ट्रॅकवर स्वप्नवत, जितके तापतील तितके लागतात, दहाव्या लॅपला पहिल्यासारखं पेडल. मग सोमवारी सकाळी त्याच पॅडवर ऑफिसला निघालो, थंडी, पहिलाच स्पीडब्रेकर, ब्रेक दाबला आणि गाडी म्हणाली "हं?" लागलेच नाहीत असं नाही, पण जेवढा पाय रोज देतो तेवढ्यावर निम्मेच लागले. दुप्पट जोर लावून थांबलो. अहो, पोर आडवं आलं असतं तर? ट्रॅकचा पॅड तापला की जीव ओततो, थंड असताना तो नुसता धातूचा ठोकळा. वर बस थांबल्यासारखं कर्कश कोकलणं, आणि काळी धूळ, जिच्यात लोखंडाचे कण असतात आणि पाऊस पडल्यावर व्हीलवर तांबूस ठिपके उठतात जे साबणाने जात नाहीत.

तर पॅड निवडताना एकच प्रश्न, हा पॅड कुठल्या तापमानापासून कुठल्या तापमानापर्यंत काम करतो. चांगल्या कंपन्या आलेख देतात, तो बघा. आलेखाचा डावा कोपरा म्हणजे तुमची सकाळ, उजवा कोपरा म्हणजे तुमचा रविवार. काही पॅडच्या मागे ईई, एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं छापलेली असतात, पहिलं अक्षर साधारण तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रस्त्याच्या पॅडची तुलना करायला बरं आहे, पण ती चाचणी छोट्याशा तुकड्यावर होते आणि ट्रॅकवर डिस्क जेवढी तापते तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे "जीजी आहे म्हणजे रेसिंगचा" असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा.

एकाच पॅडमध्ये दोन्ही कामं होतात का? हलकी गाडी, साधे टायर, १५ मिनिटांची सेशन असेल तर "फास्ट रोड" जातीचा पॅड चालून जातो, खरंच चालतो, मी एक वर्ष तसंच काढलं. गाडी जड झाली किंवा टायर चिकट झाले की मग नाही. तेव्हा दोन सेट ठेवायचे आणि आदल्या दिवशी बदलायचे. बऱ्याच गाड्यांत कॅलिपरचा एक बोल्ट काढून तो वर उलटला की पॅड हातात येतो, सवय झाली की पुढची दोन चाकं तासाभरात. मागचे विसरू नका. मला वाटायचं मागे काय एवढं काम असतं, पण गाडीचा स्टॅबिलिटी कंट्रोल चालू असेल तर तो तुमच्या नकळत वळणात एकेक चाक ब्रेक लावून गाडी सरळ करत असतो, आणि मागचे पॅड दोन ट्रॅक डेत निम्मे का झाले हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

नवीन पॅड बसवले की ते बसू द्यावे लागतात, बेडिंग. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा पसरला पाहिजे, घर्षण बरंचसं त्या थरातून येतं. मोकळा रस्ता बघून ८-१० वेळा वेग जोरात कमी करायचा पण पूर्ण थांबायचं नाही, मग ब्रेक न लावता थंड होईपर्यंत फिरवायची. प्रत्येक पॅडची पद्धत थोडी वेगळी असते, खोक्यात कागद असतो, वाचा तो. हे नीट केलं नाही किंवा डिस्क लालबुंद असताना पेडल दाबून उभे राहिलात तर पॅड एका जागी छापला जातो आणि मग स्टिअरिंग थरथरतं. आपण म्हणतो "डिस्क वाकली". बहुतेक वेळा वाकलेली नसतेच, थर कमीजास्त झालेला असतो. लवकर पकडलं तर परत बेडिंग करून जातं, तसंच तापवत राहिलात तर त्या ठिपक्याखालचं बीड सिमेंटाइट होऊन कडक होतं आणि मग डिस्क गेली. आणि हो, दोन वेगळ्या जातीचे पॅड एकाच डिस्कवर आळीपाळीने लावता तेव्हा जुना थर नव्याशी भांडतो, म्हणून शक्यतो एकाच कंपनीचे एकमेकांना चालणारे दोन पॅड घ्या.

भोकांच्या डिस्कचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. तिसऱ्या ट्रॅक डेनंतर चाक काढलं तर एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत केसासारख्या रेघा. बोट फिरवलं तर नखाला लागत होत्या. भोकं मुळात जुन्या काळच्या पॅडमधून निघणारा वायू बाहेर जावा म्हणून आली, आताच्या पॅडमधून तेवढा निघत नाही, पण भोकाच्या कडेला ताण साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय भोक म्हणजे धातू कमी, आणि उष्णता साठवायला धातूच हवा असतो ना! साधी, आतून हवेच्या खाचा असलेली, मूळ मापाची बिडाची डिस्क ही बिनसौंदर्याची पण गुणी सून आहे. फार तर पृष्ठभागावर मुद्दाम कोरलेल्या चिरा असलेली घ्या. पृष्ठभागावर बारीक केसासारख्या रेघा साध्या डिस्कवर पण येतात, पण तडा कडेपर्यंत पोचला की त्या क्षणी बदलायची, आणि किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते ती मोजायची.

आता सगळ्यांचा लाडका विषय, बिग ब्रेक किट, म्हणजे मोठ्या डिस्क आणि मोठ्या कॅलिपरचा संच. मित्र म्हणतात "मोठे ब्रेक घे, लवकर थांबेल." नाही थांबणार रे. तुझे आत्ताचे ब्रेक एबीएस आणू शकतात ना? म्हणजे टायरची पकड संपेपर्यंत ब्रेक पुरतायत. पहिल्या थांबण्याचं अंतर टायर ठरवतो. मोठी डिस्क दहाव्या थांबण्यासाठी असते. १९५३ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप डिस्क ब्रेक लावून उतरली आणि जिंकली, त्यातही मुद्दा हाच होता, ड्रमवाल्यांचे ब्रेक तापून ढिले पडत होते आणि हिला तासन्‌तास उशिरा ब्रेक मारता येत होता.

पिस्टनच्या आकड्याला पण भुलू नका. ५७ मिलिमीटरचा एक पिस्टन असलेल्या साध्या सरकत्या कॅलिपरचं क्षेत्रफळ साधारण २५५० चौरस मिलिमीटर. ३८ आणि ४२ च्या जोड्या असलेल्या चार पिस्टनच्या कॅलिपरचं एका बाजूचं (हिशेबात एकच बाजू धरायची) साधारण २५२०. म्हणजे दाबणारं बळ तेच! फायदा दुसरीकडे आहे, पॅड मोठा बसतो, कॅलिपर कमी ताणला जातो, पॅड तिरका कमी घासतो. बळ वाढतं ते डिस्कच्या व्यासाने, २८० ची ३१० केली तर तरफ लांब होऊन साधारण १३ टक्के. आणि इथेच फसगत. पुढचं बळ एवढं वाढवलं आणि मागचं तसंच ठेवलं तर पुढची चाकं लवकर एबीएसवर जातात, मागची आळसावतात, आणि इतके उद्योग करून गाडी आधीपेक्षा लांब थांबू शकते. त्यात पिस्टन पण मोठे घेतले तर पेडल लांब जातं कारण मास्टर सिलिंडर तेवढाच. म्हणून किट घ्यायचंच असेल तर आपल्याच मॉडेलसाठी हिशेब करून बनवलेलं, आणि त्यांना पुढे-मागे बळाचं प्रमाण किती बदलतं हे विचारा. उत्तर "सर, एकदम मस्त लागतात" असं आलं तर फोन ठेवा. अजून एक, अस्सल रेसिंग कॅलिपरला बऱ्याचदा पिस्टनवर धूळ अडवणारं रबर नसतं, रोजच्या चिखलात ते वाईट. आणि पुठ्ठ्याचा साचा कापून चाकात बसतंय का ते आधी बघा, नंतर कळलं तर चाकंही नवीन.

स्टीलच्या जाळीच्या होज? बसवा, रबरी होज दाबाखाली फुगते तेवढं कमी होतं, पेडल घट्ट लागतं. ताकद वाढत नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून कुठे घासत नाही ना तेवढं बघा.

किटच्या आधी मी हवा नेईन, खरंच. बंपरमधून एक पाइप डिस्कच्या मधल्या भागाकडे, कारण डिस्क मधून हवा ओढते आणि कडेने फेकते, वरून फुंकून उपयोग कमी. माझ्या गाडीत एवढ्यावर डिस्कवर लावलेल्या तापमानाच्या रंगपट्टीत स्पष्ट फरक दिसला. तीन रंगांचे ठिपके असतात, ४३० अंशांचा हिरवा, ५६० चा नारिंगी, ६१० चा लाल, जो उडाला तिथपर्यंत डिस्क गेली. आधी नारिंगी उडायचा, पाइप टाकल्यावर टिकला.

थोडक्यात खरेदीच्या आधी पाय काय सांगतोय ते ऐकायचं. पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी मात्र थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाच्या वर गेलाय. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ऑइल. पहिल्या दाबाला लांब आणि लगेच दुसऱ्याला ठीक, तर बहुतेक चाकाच्या बेअरिंगच्या किंवा हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) हलण्याने डिस्कने पॅड मागे ढकललेत, त्याला किट घेऊन काही होणार नाही. चांगला पॅड, ताजं ऑइल, हवेचा पाइप हे सगळं असून दहा मिनिटांनी परत तेच, तर मग डिस्कच छोटी पडतेय, घ्या किट, माझा आशीर्वाद.

चालवण्याचं पण बघा. लांबून हळूहळू ब्रेक ओढत येण्यापेक्षा थोडा वेळ जोरात दाबून सोडलेला बरा, उष्णता तेवढीच पण पॅड कमी वेळ चिकटलेला आणि हवा जास्त वेळ. शेवटचा लॅप ब्रेक न लावता. पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट.

सध्या माझ्या गाडीवर मूळ मापाच्या साध्या डिस्क, पुढे-मागे दोन-दोन सेट पॅड, स्टीलच्या होज आणि तो पाइप. किट नाही. प्रत्येक पॅडच्या मागे मार्करने "पु. डा. आत", "पु. डा. बाहेर" असं लिहून ठेवतो आणि काढले की व्हर्निअरने जाडी मोजून वहीत लिहितो. काल मोजले तर पुढच्या डाव्या चाकाचा आतला ६.५ मिलिमीटर आणि बाहेरचा ८. दीड मिलिमीटरचा फरक म्हणजे कॅलिपरची पिन नीट सरकत नाहीये, ग्रीस जळलं असणार. रविवारी पिना काढून साफ करायच्यात, बाबांना सांगून ठेवलंय, ते म्हणाले पेडल दाबायचं असेल तर दहाच्या आत बोलाव.